न झिजलेलं टोक

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो. आणि ऐकता ऐकता झोपलेल्या माणसाला देव माफ करत असला तरी सांगणाऱ्याच्या जिवाला ते लागतं. माझा आवाज काही मोठा नाही आणि गोष्टही मोठी नाही. एका माणसाची आहे, ज्याला लहानपणी सगळे गुडघोबा म्हणायचे. त्याच्या ताईची आहे. आणि अशा एका जिवाची आहे, ज्याला या दोघांनी कधी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही, तुम्हीही पाहणार नाही. तो कोण, ते ओघात येईलच. गोष्ट कुठे थांबते तिकडे लक्ष ठेवू नका, कुठे अडखळते तिकडे ठेवा. कारण सगळी गोष्ट एका अंगठ्याच्या अडखळण्यातून निघाली आहे.

दुपारची वेळ होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर जुन्या वाद्यांचं एक लांबोडकं दुकान होतं. खालून शेकडो घड्याळांची टिकटिक लाकडी जिन्यावाटे वर यायची आणि प्रत्येक जण आपापली वेगळी वेळ सांगतोय असं वाटायचं. खिडकीजवळच्या टेबलावर जाड बनातीचं कापड अंथरलं होतं आणि त्यावर एक स्टील गिटार पालथी पडली होती. ही गिटार छातीशी धरून वाजवायची नसते. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताने तारांवरून पोलादाची गुळगुळीत कांडी सरकवत न्यायची. मग सूर पायऱ्या चढत नाही, घसरत जातो, रडून झाल्यावर माणूस बोलायला लागतो तसा. ज्याची ही गोष्ट, तो टेबलाशी वाकून उभा होता. डोळे मिटून त्याने अंगठा गिटारीच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू सरकवला. पाठीचं लाकूड वार्निश उडून मऊ, जवळजवळ कातडीसारखं झालं होतं. अंगठा त्या मऊपणावरून निघाला, मध्यावर आला आणि अडखळला. तिथून पुढे वार्निश शाबूत होतं. नवंकोरं नव्हे, जुनंच, पण अखंड. कुणी कधी घासलंच नाही असं. अर्धी पाठ झिजलेली, अर्धी नितळ.

"अर्धी पाठ बदललीय म्हणतात तिची," दुकानदार मागून म्हणाला. गोल चेहऱ्याचा, सदा नाकात बोलणारा माणूस. "काचवाले साहेब, दोघं येऊन बघून गेले. म्हणाले, झीज अशी अर्धवट होत नसते, काहीतरी गडबड आहे. मी म्हटलं, गडबड तर माझ्यातही आहे, म्हणून मला काय कुणी टाकून दिलं?"

पण काचवाले साहेब ऐकत नव्हते. त्यांना काचवाले म्हणायचे कारण चष्म्याच्या काचा घासण्याचा त्यांचा धंदा. काचेवरचा ओरखडा समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पाडला की दिसतो. आयुष्यभर तिरप्या उजेडात बघून बघून या माणसाला सरळ काही दिसेनासंच झालं होतं, असं ताई म्हणायची. अशा जुन्या गिटारी आता थोड्याच उरल्या आहेत आणि थोड्या उरलेल्या वस्तूला तोतया भावंडं फार. तेव्हा तो विकत घेण्याआधी प्रत्येकीचं मूळ शोधायचा. पोटात छोटा आरसा घालून आतला डिंक बघायचा, लाकूड हुंगायचा, कुठे वाजली, कुणी विकली, मध्ये कुणाच्या माळ्यावर होती हे विचारत गावोगाव म्हाताऱ्या वादकांची दारं ठोठावायचा. एकदा तर एकाने अगदी खात्रीची म्हणून जी दाखवली, तिच्या मानेच्या मागच्या बाजूला अंगठ्याची सुरेख झीज होती. तो बघता बघता हसायलाच लागला. स्टील गिटारीची मान चौकोनी, खोक्यासारखी; तिला मागून कुणाचा अंगठा लागतच नाही, कारण हात वरून जातो. तोतया करणाऱ्याने जन्मभर साध्याच गिटारी हाताळलेल्या, बिचाऱ्याने सवयीने तिथेच घासपट्टी फिरवली. ती तर सोडाच, पण खऱ्याखुऱ्या, निर्दोष, गोड आवाजाच्या गिटारीही त्याने परत पाठवल्या होत्या. कारण त्याला जुनी गिटार नको होती. त्याला एकच गिटार हवी होती. मास्तरांची.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," ताई म्हणायची. "तू तर लाकडाचं मूळ शोधतोस. शेवटी काय सापडणार? झाड."

तो म्हणायचा, "ताई, तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत, खरंच. मी आपली उघड्या गळ्याने गाते. तुझी चौकशी संपली की सांग हो, तोवर मी म्हातारी होऊन घेते."

हे बोलणं थट्टेचं होतं, तोवर ठीक होतं. पण आता ताईच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ साधी आहे, डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. पण आवाजाच्या दारातच बसली आहे, काढावीच लागेल, आणि काढल्यावर आवाज होता तसा राहील असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. त्याआधी रविवारचं एक प्रवचन. वडिलांच्या, म्हणजे बाबांच्या मागे ताईच प्रार्थनेच्या हॉलमध्ये प्रवचन गायची. सांगता सांगता गायची, गाता गाता सांगायची, जसे बाबा करायचे. पण बाबांच्या शेजारी मास्तरांची गिटार असायची आणि ताईच्या शेजारी रिकामी खुर्ची. तो स्वतः वाजवायचा, चांगलं वाजवायचा, पण घरात, दार लावून, कारखान्यातल्या एका नव्या गिटारीवर. हॉलमध्ये त्या खुर्चीवर बसायला तो तयार नव्हता. मास्तरांच्या जागी बसायचं तर मास्तरांचीच गिटार घेऊन बसेन, हा त्याचा हेका. ताईने एकदाच विचारलं होतं, नंतर विचारलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र गळ्याला रुमाल गुंडाळत ती सहज बोलल्यासारखी म्हणाली होती, "रविवारी जमलं तर बघ. नाहीतर राहू दे." त्या 'राहू दे'मध्ये काय काय राहणार होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून अंगठा अडखळला तेव्हा त्याचं काळीज लक्कन हललं. कारण अर्धी झिजलेली पाठ त्याला ओळखीची होती. साऱ्या जगात ती कुणाला गडबड वाटो. त्याला ती घराच्या उंबऱ्यासारखी ओळखीची होती.

मास्तरांना डावा पाय नव्हता. मांडीपासूनच नव्हता. कसा गेला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मुलांनी विचारलं तर म्हणायचे, "तो पुढे गेलाय रे, वर जागा धरायला. आपण पोचू तेव्हा बसायला मिळालं पाहिजे ना." आणि हे इतक्या गंभीरपणे म्हणायचे की त्याला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं, आभाळात एका लांबलचक बाकावर एक एकटा पाय बसून आहे. आता दोन मांड्यांवर ठेवायचं वाद्य एका मांडीवर कसं राहणार? उजव्या मांडीवर गिटारीचा मोठा, गोल भाग नीट बसायचा. पण मानेकडची बाजू डावीकडे कलंडायची. स्टूल ठेवून पाहिलं, स्टूल थरथरायचं. फळी लावून पाहिली, फळी सूर खायची. शेवटी मास्तरांनी पहिल्या रांगेत चुळबुळ करत बसलेल्या एका पोराकडे बोट दाखवलं. "याला द्या इकडे. याला बसायला जागा हवीय आणि मला मांडी." तेव्हापासून दर प्रवचनाला तो मास्तरांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून बसायचा, आई त्याच्या मांडीवर शालीची घडी घालायची आणि घडीवर गिटारीचं दुसरं टोक टेकायचं. पहिल्याच दिवशी बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लोकांच्या पोरांची अक्कल गुडघ्यात असते, आमचं पोर म्हणजे अख्खा गुडघाच!" हॉल हसला. मास्तर हसले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गुडघोबा, हलायचं नाही. तू हललास की मी बेसूर."

आणि तो हलायचा नाही. नाक खाजलं तरी नाही, पायाला मुंग्या आल्या तरी नाही. बाबा काय सांगायचे ते त्याच्या कानापर्यंत फारसं पोचायचं नाही, अर्थ तर दूरच; पण ते त्याला मांडीतून कळायचं. बाबांनी ओळ टाकली की मास्तर ती झेलायचे आणि ती शालीतून, चड्डीतून, कातडीतून त्याच्या हाडात उतरायची, तिथून पोटात, पोटातून दातांत. माणसं प्रवचन ऐकून घरी जायची, तो ते अंगात घेऊन जायचा. रात्री अंथरुणात पाय अजून गुणगुणतायत असं वाटायचं. आणखी एक गोष्ट त्याला कळायची, जी दुसऱ्या कुणाला कळत नसे. सूर खाली उतरला की मास्तरांचा कांडीचा हात सरकत सरकत त्याच्याकडे यायचा, इतका जवळ की बाहीचा साबणाचा वास यायचा. सूर चढू लागला की हात दूर जायचा, मास्तरांच्या उजव्या हाताकडे, जिथून त्याला काही दिसायचं नाही. म्हणून त्याच्या मनात बसलं होतं की खालचे सूर आपले. वरचे कुणा दुसऱ्याचे. वरच्या सुराला लोक डोळे पुसायचे आणि त्याला उगाच एकटं वाटायचं. मग हात पुन्हा परत यायचा. कधी बाबांचं सांगणं फार लांबायचं, गिटार नुसतीच पडून असायची, तेव्हा तो न हलता, फक्त एका नखाने, टोकाच्या खालच्या बाजूला शिडी कोरत बसायचा. दर वेळी एक नवी पायरी. मास्तरांना कळलं होतं की नाही, देव जाणे. पुढे मास्तर थकले, लेकीकडे राहायला गेले, गिटार बरोबर गेली. ते गेल्याचं पुढे कानावर आलं. गिटारीचं मात्र काही कानावर आलं नाही.

तेव्हा आता नीट बघायला हवं होतं. जो माणूस इतरांच्या गिटारींना तिरपा उजेड पाडून पाडून हैराण करायचा, त्याने निदान ही गिटार हातात तरी उचलायला हवी होती. पण त्याने फोन काढला. आणि ताईला लावला.

"ताई, मिळाली."

पलीकडून ताईचा बसका आवाज. "काय मिळाली? नीट बोल."

"मास्तरांची. पाठ अर्धीच झिजलीय, ताई. अर्धीच! दुसरं कोण अशी वाजवणार?"

फोनमधून त्याला ऐकू आलं, तिने भांडं खाली ठेवलं, खुर्ची ओढली, बसली. मग म्हणाली, "आज बरा गुडघ्याला बाशिंग बांधून निघालास! ये घेऊन. मी गरम पाणी पिऊन बसते. आजच बसू तालमीला."

फोन खिशात ठेवून त्याने गिटार उचलली, खिडकीतल्या खुर्चीवर बसला, आणि ती दोन्ही मांड्यांवर आडवी ठेवली. मान डावीकडे, गोल भाग उजवीकडे, जशी ठेवतात तशी. मग हात खाली घालून पाठ चाचपली. झिजलेला मऊ भाग त्याच्या डाव्या हाताला लागला. नितळ भाग उजव्या. त्याने हात काढला, पुन्हा घातला. वस्तू तीच होती, बाजूही त्याच होत्या. मास्तरांच्या गिटारीला झीज असायला हवी उजव्या मांडीखाली, गोल भागाला. मानेकडचं टोक शालीवर टेकलेलं, म्हणून ते नितळ. इथे सगळं उलटं होतं. अर्धी झिजलीय एवढं पाहून तो नाचला होता. कुठली अर्धी, हे बघायचं भानच राहिलं नव्हतं. त्याने तरीही टोकाच्या खालच्या बाजूला नख फिरवलं, मुकाट्याने, आजारी माणसाची नाडी दुसऱ्यांदा बघतात तसं. शिडी नव्हती. एक पायरीसुद्धा नव्हती. खालची सगळी घड्याळं एकदम मोठ्याने चालायला लागली.

"काय झालं, साहेब?" दुकानदाराने विचारलं. "चेहरा का असा पडला?"

"ही ती नाही."

"ती म्हणजे कुठली?"

ताई गरम पाणी पिऊन बसली असेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गळ्याचा रुमाल सोडला असेल. तिला आता दुसऱ्यांदा फोन करायचा. आजवर परत पाठवलेल्या सगळ्या गिटारी त्याला रांगेत उभ्या दिसल्या, आणि प्रत्येकीच्या मागे ताईचं एकेक रविवारचं प्रवचन, शेजारी रिकामी खुर्ची. कुणासाठी शोधत होतो हे सगळं? मास्तरांसाठी? मास्तर तर कधीच आपल्या पायाजवळ जाऊन बसले. गिटार बाजूला ठेवावी म्हणून त्याने ती उजव्या टोकाला धरून वर उचलली, आणि खिडकीतला उतरता उजेड त्या नितळ भागावर तिरपा पडला. सवय वाईट असते, नजर गेलीच. नितळ वार्निशवर, अगदी कडेजवळ, जिथे समोरून कुणाला दिसणार नाही आणि खालून एखादाच लहान हात पोचेल अशा जागी, बारीक ओरखडे होते. तो वाकला. ओरखडे नव्हते. पाखरं होती. लहान मूल काढतं तशी, दोन कमानी जोडून काढलेली; एकामागे एक, कडेकडेने, गोलाईबरोबर वळत गेलेला लांबच लांब थवा. पहिली पाखरं मोठी आणि वेडीवाकडी, पुढची सुबक, शेवटची तर इतकी नाजूक की नखाने नाही, टाचणीने काढली असतील. काढणारं काढता काढता मोठं होत गेलं होतं.

"हां, ते कुणा कार्ट्याने खराब केलंय," दुकानदार जवळ येऊन ओशाळून म्हणाला. "काळजी करू नका, जरा पॉलिश मारलं की सगळं जाईल. उद्या सकाळी देतो चकाचक—"

"हात लावू नका!"

तो इतक्या जोरात ओरडला की दुकानदार दोन पावलं मागे गेला. मग त्याचाच त्याला संकोच वाटला आणि तो हळू म्हणाला, "माफ करा. पण लावू नका. ते खराब केलेलं नाही. ते हजेरी लावल्यासारखं आहे."

खुर्चीत पुन्हा बसून त्याने डोळे मिटले. म्हणजे होतं आणखी कुणीतरी. कुठल्या गावात, कुठल्या काळात, कुणास ठाऊक. वाजवणाऱ्याला उजवा पाय नसेल, की अंग लुळं असेल, की दुसरंच काही, तेही कळायला मार्ग नाही. पण वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला खेटून एक मूल बसायचं. मांडीवर घडी असणार, नाहीतर वार्निश असं राहिलं नसतं. त्याला तारा छेडणाऱ्या हाताच्या कोपराचे धक्के बसत असणार. तेही हलत नसणार, नाक खाजलं तरी नाही. आणि सूर चढू लागला की कांडीचा हात सरकत सरकत त्याच्याकडे येत असणार, उतरला की दूर जात असणार. म्हणजे वरचे सूर त्याचे. लहानपणी वरच्या सुराला हात दूर जायचा आणि आपल्याला एकटं वाटायचं, तेव्हा तो हात कुणाकडेच जात नव्हता असं नाही. इतकी वर्षं आपण समजत होतो की असं दुसऱ्याच्या वाद्याची मांडी होणं आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलं. ते एक वेगळंच भाग्य, वेगळंच दुखणं, म्हणून उराशी धरलं, त्यापायीच मास्तरांची गिटार शोधत फिरलो. आणि इथे एक पोर पाखरं काढत बसलंय! आपण शिडी काढली, त्याने पाखरं. वर तर दोघांनाही जायचं होतं. त्याला हसू आलं. देवा, त्याच्या मनात आलं, मी एक मागत होतो आणि तू मला भावंड दिलंस. बहीण की भाऊ, तेही सांगितलं नाहीस. बरं केलंस.

"घेतो ही," तो म्हणाला.

"पण ती नाही म्हणालात ना?"

"नाहीच ती. म्हणूनच घेतो."

दुकानदाराने हात जोडले. "काचवाले साहेब, तुम्ही पहिल्यांदा काहीतरी विकत घेतलंत माझ्याकडून. आज संध्याकाळी घरी लवकर जातो, नाहीतर बायकोचा विश्वास बसायचा नाही."

ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. ती खरंच रुमाल सोडून बसली होती. पुढ्यात वाफाळत्या पाण्याचा पेला, केस नीट विंचरलेले, साडी बदललेली. जणू पाहुणे येणार होते. त्याने गिटार तिच्या समोरच्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "ताई, चुकलो. मास्तरांची नाहीये ही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग गिटारीकडे. "मग ही पण परत?"

"नाही. ही राहणार." आणि त्याने तिचं बोट धरून त्या कडेवर ठेवलं, लहानपणी ती त्याचं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायची तसं. ताईचं बोट हळूहळू थव्याबरोबर वळत गेलं. शेवटच्या पाखरावर येऊन ते थांबलं. दाराबाहेर कुणीतरी सायकल ओढत नेत होतं, तिच्या साखळीचा आवाज दूर गेला.

"अगदी माझ्यासारखं कंटाळलेलं होतं बिचारं," ताई म्हणाली.

"तू कंटाळायचीस? बाबांच्या प्रवचनाला?"

"मग! तू मांडी देऊन बसायचास, तुझे लाड. मी मागे आईच्या पदराआड झोपा काढायची. मला प्रवचन आवडायला लागलं ते स्वतःच बोलायला लागल्यावर. तेव्हा झोपायची सोय राहिली नाही ना." ती हसली, हसताना आवाज फाटला, तिने गळ्याला हात लावला. मग तोच हात गिटारीवर ठेवत म्हणाली, "आणि एक सांगू? मी तुला वाद्य मागितलं होतं. तू त्याची वंशावळ काढत बसलास. मास्तरांची गिटार हवीय असं मी कधी म्हटलं होतं का रे, गुडघोबा? मी म्हटलं होतं, शेजारी बस."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. ऑपरेशनची बातमी सगळ्यांना होती, कुणी तोंडाने बोलत नव्हतं, म्हणून उगाच खोकत होतं. उंच खिडक्यांतून उजेडाचे पट्टे बाकांवर पडले होते. ताई उभी राहिली. शेजारच्या खुर्चीवर तो बसला, तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या. त्याने पिशवीतून जुनी शाल काढली, तिची घडी केली आणि आपल्या उजव्या मांडीवर ठेवली. मग गिटार आडवी घेतली, झिजलेलं टोक नुसत्या मांडीवर, नितळ टोक घडीवर. त्याला दोन्ही पाय धड होते, घडीची काही गरज नव्हती. पण ज्या टोकाला कुणी इतकं जपलं, ते आपल्या हातून झिजू द्यायचं नव्हतं.

ताईने त्या दिवशी बाबांचीच एक जुनी कथा गायली. ज्याला काहीच मागता येत नाही आणि ज्याला देव मागण्याआधीच देतो, अशा माणसाची. सांगता सांगता गायली, गाता गाता सांगितली. सुरुवातीला सूर जपून टाकत होती, पाण्यात पाय टाकतात तसे. मध्ये एक ओळ वर जात होती, बाबा तिथे डोळे मिटायचे. ताईनेही मिटले आणि आवाज वर सोडला. तो अर्ध्या वाटेवर गेला आणि चिरकला. शेजारी बसलेल्या भावाने विचार केला नाही. हातातली कांडी सरकली, वर, आणखी वर, उजवीकडे, जिकडे लहानपणी त्याला कधी जाता आलं नव्हतं तिकडे, पाखरांच्या बाजूला. आणि जिथे ताईचा आवाज तुटला होता तिथून गिटारीने तो उचलला आणि पुढे नेला. प्रवचनातला वरचा सूर त्याच्या उजव्या मांडीत, घडीतून, हाडात उतरला. साठीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा. हा असा असतो तर! ताईने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि गिटारीच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखी तिच्या आधाराने खाली उतरून पुढची ओळ सांगू लागली. नंतर पुष्कळदा चिरकली. दर वेळी ती थांबायची, हसायची, आणि तो घेऊन जायचा.

ऑपरेशन नीट झालं, देवाची कृपा. गाठ गेली आणि तिच्याबरोबर ताईचे वरचे सूर गेले. आता ती खालच्याच सुरात गाते, दाट, भरड, जवळचा आवाज. लोक म्हणतात, पूर्वी आम्ही ऐकायचो, आता आमच्याशी बोलतेस. वरची बाजू गिटार सांभाळते. म्हणजे बघा, खालचे सूर ज्याला आपले वाटायचे त्याला वरचे मिळाले, आणि त्याचे खालचे ताईकडे राहायला आले. हिशेब कसला, सगळं घरातल्या घरात. मास्तरांची गिटार कुठे आहे, हे तो आता शोधत नाही. असेल कुठेतरी, आणि तिची शिडी कुणाच्या तरी बोटाला लागेल, तो माणूस क्षणभर थबकेल, एवढी त्याची खात्री आहे.

झालं. उठण्याआधी एकच मागणं आहे. गुडघोबाची आठवण ठेवायची गरज नाही, त्याला त्याची ताई आहे. ताईची तर तुम्ही ठेवालच. पण आज घरी गेल्यावर, दिवा लावताना, जेवायला बसताना, ज्या कुणापुढे हात जोडत असाल त्याच्यापुढे हात जोडताना, त्या पाखरं काढणाऱ्या पोराची आठवण काढा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. ते एवढंच करत होतं, दुसऱ्याचं गाणं होईपर्यंत हलत नव्हतं.